सहा गावं एका दिवसात नकोत: कॉट्सवोल्ड्स बघायचं ते चर्चपासून

काकू, नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनमध्ये तुम्ही दोघं नाशिकहून रेडिंगला मुलाकडे येताय. तो दोन दिवस रजा काढून गाडीने कॉट्सवोल्ड्सची, म्हणजे इंग्लंडमधल्या या टेकड्यांच्या मुलखातली, जुनी गावं दाखवणार आहे. एका दिवसात सहा गावं दाखवणारी बसही आहे आणि ती स्वस्त पडते, मग ती घ्यावी का? मैत्रीण म्हणाली की एक गाव बघितलं की सगळी बघितल्यासारखीच. चर्चमध्ये आपण शिरलं तर चालतं का, आणि शिरल्यावर बघायचं तरी काय? काकांचे गुडघे दुखतात, पण इतिहासाची आवड दांडगी आहे.

गेली एकोणीस वर्षं मी इथे मराठी कुटुंबांना आणि छोट्या गटांना घेऊन फिरतोय. सरळ सांगतो, सहा गावांची बस घेऊ नका. दोन दिवसांत चार-पाच ठिकाणं बघा, आणि गावात उतरलात की आधी चर्च गाठा. घरं, नदी, चहाची दुकानं नंतर.

सुरुवातीची काही वर्षं मीही दिवसाला पाच-सहा गावं दाखवायचो. गाडी थांबली की वीस मिनिटं, फोटो, स्वच्छतागृह, पुन्हा गाडी. एकदा साताऱ्याच्या एक आजी चौथ्या गावाला खाली उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "तोच पिवळा दगड, तीच घरं. मला एवढंच सांग, मेंढरांच्या या मुलखात असली दगडी घरं बांधायला पैसा आला कुठून?" मला त्या दिवशी धड उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलं. त्यानंतर मी त्या एका प्रश्नामागे लागलो. आजही माझी प्रत्येक सहल त्याच प्रश्नापासून सुरू होते.

पैसा मेंढीच्या पाठीवरूनच आला. मध्ययुगात इंग्लंडच्या लोकरीला फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) आणि इटलीत मोठी मागणी होती, आणि कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांवर लांब लोकरीच्या मेंढ्यांचे कळप चरायचे. राज्याचा कारभारही लोकरीवरच्या करावर बराच अवलंबून होता. लंडनला पार्लमेंटच्या वरच्या, म्हणजे लॉर्ड्सच्या सभागृहात सभापती आजही लोकर भरलेल्या लाल बैठकीवर बसतात, ती त्या काळाची खूण. पुढे कच्च्या लोकरीऐवजी कापड विकायला सुरुवात झाली आणि ओढ्याकाठी विणकरांची घरं उभी राहिली. मग औद्योगिक क्रांती आली. कोळसा आणि मोठ्या गिरण्या उत्तरेत यॉर्कशायरकडे, तिकडे धंदा गेला. कॉट्सवोल्ड्सच्या गावांत नवं बांधायला पैसा उरला नाही, आणि जुनं पाडायलाही उरला नाही. बर्फर्ड आणि नॉर्थलीच या गावांपर्यंत रेल्वे कधी पोचलीच नाही. आज लोक ज्याला "चित्रासारखं गाव" म्हणतात, ते खरं तर धंदा उठून गेलेलं गाव आहे. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलीच दोन गावं सारखी दिसत नाहीत. लोकर विकणाऱ्याचं गाव वेगळं, विणकराचं वेगळं आणि बाजारपेठेचं वेगळं.

श्रीमंत झालेल्या लोकर-व्यापाऱ्याने पैसा घातला तो चर्चमध्ये. आपल्याकडे सावकाराने घाट बांधावा, देवळाला सभामंडप घालावा, तसंच. म्हणून दोन-तीन हजार वस्तीच्या गावात शहराला शोभेल असं चर्च दिसतं. इथे त्यांना "लोकरीची चर्च" असंच म्हणतात.

पहिला थांबा नॉर्थलीच. पर्यटक इथे फार थांबत नाहीत आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. चौकात गाडी लावली की सेंट पीटर आणि सेंट पॉल यांचं चर्च दोन मिनिटांच्या चालीवर आहे. आत गेल्यावर वर खिडक्यांकडे लगेच बघू नका, खाली बघा. फरशीत मोठमोठ्या पितळी प्रतिमा बसवल्या आहेत. ही थडगी आहेत, लोकर-व्यापाऱ्यांची आणि त्यांच्या बायकांची. काही प्रतिमांवर गालिचा असतो. तिथे कुणी स्वयंसेवक असेल तर विचारा, आनंदाने उचलून दाखवतात. जॉन फोर्टीची प्रतिमा शोधा. तो १४५८ साली गेला, आणि चर्चचा मधला भाग उंच होऊन वरच्या खिडक्यांतून उजेड येतो तो त्याच्या पैशामुळे. लांब झगा घातलेला, हात जोडलेला माणूस. आता त्याचे पाय बघा. एक पाय मेंढीवर आहे आणि दुसरा लोकरीच्या गाठोड्यावर. सरदारांच्या थडग्यांवर पायाशी सिंह नाहीतर कुत्रा असतो, याने मेंढी निवडली. स्वतःच्या धंद्याची लाज नाही, उलट देवासमोर जाताना तीच ओळख. कडेच्या नक्षीत त्याच्या पेढीची खूणही कोरलेली आहे. लासलगावच्या बाजारात गोणीवर व्यापाऱ्याचा मार्का असतो ना, अगदी तशी. गाठोडं बंदरावर पोचलं की कुणाचं ते कळायला ही खूण. मी आजवर ज्यांना ज्यांना तिथे नेलं, ते सगळे या पायांपाशी थबकले.

बाहेर पडताना दक्षिणेकडच्या पोर्चमध्ये मान वर करून कोरीव काम बघा. सारंगी वाजवणारं मांजर आणि समोर ऐकणारे उंदीर सापडतील. कुणा पाथरवटाची ही हौस शेकडो वर्षं टिकली आहे.

आता तुमच्या मनातली धाकधूक. चर्चमध्ये कुणीही जाऊ शकतं. गावचं चर्च दिवसा बहुधा उघडं असतं आणि आत अनेकदा चिटपाखरूही नसतं. दाराला जड लोखंडी कडी असते, ती फिरवून ढकला. बंद वाटलं तरी एकदा जोर लावून बघा, दारं जुनी आहेत. चपला-बूट काढायचे नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या बायका पोर्चमध्ये सवयीने चपला काढतात आणि थंड दगडावरून मोज्यांनी चालतात. पुरुषांनी टोपी काढायची. थडग्यांच्या फरशीवरून चालावं लागतं, त्यात अपमान मानत नाहीत, तरी पितळेवर पाय देऊ नका. वेदीच्या पुढे दोरी असेल तर पलीकडे जाऊ नका. बाकांखाली भरतकाम केलेल्या छोट्या उशा दिसतील. त्या प्रार्थनेच्या वेळी गुडघे टेकायला असतात आणि बऱ्याच ठिकाणी गावातल्या बायकांनीच भरलेल्या असतात. हातात घेऊन बघा, टाके बघा, आणि जागच्या जागी ठेवा. प्रवेश फुकट असतो, पण दाराशी दानपेटी असते आणि आता पुष्कळ ठिकाणी कार्ड टेकवायचं यंत्रही असतं. या इमारतींचं छप्पर गावकऱ्यांच्या वर्गणीवर उभं आहे. चहा-केकला जेवढे देता तेवढे तरी तिथे टाका.

प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो नको. उभं राहायची वेळ आली की बाकीच्यांबरोबर उभं राहायचं. प्रसादासाठी रांग लागली तर जागेवर बसून राहिलं तरी कुणी वळून बघत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा नुसतं बघायला जायचं असेल तर दुपारनंतर जा.

दुसरा थांबा बर्फर्ड, नॉर्थलीचपासून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटं. उतारावरचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, खाली विंडरश नदी, आणि नदीजवळ सेंट जॉनचं चर्च. इथे आवारापासूनच सुरुवात करा. काही थडग्यांचा माथा आडवा, गोल वळकटीसारखा आहे. लोकरीचा गठ्ठा बांधून ठेवावा तसा. गावात म्हणतात की तो लोकरीच्या गठ्ठ्याचाच आकार आहे. खात्रीची गोष्ट अशी की सतराव्या शतकात या देशात कायदाच होता: मेलेल्या माणसाला इंग्लिश लोकरीच्या कफनातच पुरायचं, आणि तसं केल्याचं शपथपत्र द्यायचं. न केल्यास पाच पौंड दंड, त्या काळी मोठीच रक्कम. लोकरीचा धंदा बसायला लागला होता, म्हणून मेलेल्यांनाही गिऱ्हाईक केलं. हा कायदा १८१४ पर्यंत कागदावर होता.

आत बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, आतून शिशाचा पत्रा. त्याच्या काठावर वाकून बघा. सुरीने किंवा खिळ्याने कोरल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं आहेत: "अँथनी सेडली १६४९ प्रिझनर", म्हणजे कैदी. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलेलं आहे. हा क्रॉमवेलच्या, म्हणजे यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या सेनापतीच्या, फौजेतला शिपाई. राजाचा शिरच्छेद होऊन चारच महिने झाले होते. थकलेला पगार आणि सामान्य माणसाचे हक्क मागणाऱ्या, आयर्लंडच्या मोहिमेला नकार देणाऱ्या सैनिकांना "लेव्हलर्स" म्हणत. त्यांच्यातल्या सुमारे ३४० जणांना क्रॉमवेलने पकडून याच चर्चमध्ये कोंडलं. १७ मे १६४९ रोजी तिघांना बाहेर आवारात गोळ्या घातल्या. बाहेरच्या भिंतीवर त्या तिघांच्या नावाची पाटी आहे. सेडली त्या तिघांत नव्हता. पण आत कोंडलेला असताना, आपलं काय होणार हे ठाऊक नसताना, त्याने ही अक्षरं कोरली. बोट लावू नका, शिसं मऊ असतं. नुसतं जवळून बघा. मी शंभर वेळा बघितलं असेल, तरी दर वेळी मन हलतं.

जाता जाता तिथेच आठव्या हेन्री राजाच्या न्हाव्याचं, एडमंड हार्मनचं १५६९ सालचं स्मारक आहे. त्यावर दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी कोरले आहेत. इंग्लंडमधल्या खेड्यात त्या काळी ते कुठून आले, हा विषय काकांसाठी ठेवतो.

पहिल्या दिवसाला एवढं पुरे. जेवणाचं मात्र वेळेवर बघा. पबचं स्वयंपाकघर पुष्कळदा दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहाला उघडतं, त्यामुळे साडेबारालाच बसा. शाकाहारी असाल तर सालीसकट भाजलेला बटाटा चीज किंवा बीन्स घालून, नाहीतर दिवसाचं सूप, हे जवळपास सगळीकडे मिळतं. सूपमध्ये मटणाचं किंवा चिकनचं पाणी नाही ना, हे विचारून घ्या. डब्यात धपाटे-चटणी असेल तर नदीकाठी बाकावर बसून खायला कुणाची ना नाही. स्वच्छतागृह दिसलं की जाऊन या, पुढच्या गावात असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत बिबरी. याच गावाचे फोटो तुम्ही सगळीकडे बघितले असणार. आर्लिंग्टन रो नावाची ती घरांची ओळ मुळात १३८० च्या सुमारास मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधली आणि सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. समोरच्या पाणथळ कुरणाला रॅक आयल म्हणतात, कारण धुतलेलं कापड तिथे मांडवांवर ताणून वाळवायचे. छपरं मुद्दाम बघा. कौलं मातीची नाहीत, दगडाच्या चिपा आहेत, खाली पागोळीपाशी सगळ्यात मोठ्या आणि वर आढ्याकडे लहान-लहान होत गेलेल्या. वजन एवढं की खालची लाकडं जाडजूड लागतात.

एक कळकळीची विनंती. त्या घरांत माणसं राहतात. खिडकीला नाक लावून आत बघणं, दारासमोरच्या कठड्यावर बसून डबा उघडणं, कुणाच्या बागेत शिरून फोटो काढणं, हे मी आपल्या लोकांनाही करताना बघितलं आहे आणि मला मान खाली घालावी लागली आहे. दहा वाजल्यापासून तिथे गर्दी उसळते. अर्धा तास थांबा, पुलावरून पाण्यातले ट्राउट मासे बघा आणि निघा.

तिथून फेअरफर्ड, गाडीने पंधरा मिनिटांवर. तुमच्याकडे एकच अर्धा दिवस असता तर मी तुम्हाला फक्त इथे पाठवलं असतं. जॉन टेम नावाच्या लोकर-व्यापाऱ्याने पंधराव्या शतकाच्या शेवटी सेंट मेरीचं चर्च नव्याने बांधायला घेतलं, मुलाने पुरं केलं. त्यात रंगीत काचेच्या २८ खिडक्या आहेत, आणि मध्ययुगातला असा संपूर्ण संच इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याही गावच्या चर्चमध्ये उरलेला नाही. चर्चमधल्या चित्रं-मूर्तींना विरोध करणाऱ्या धर्मसुधारणेच्या आणि पुढे क्रॉमवेलच्या यादवीच्या काळात बाकीच्या ठिकाणच्या काचा फुटल्या, इथल्या वाचल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या उतरवून तळघरात ठेवल्या होत्या.

या खिडक्या म्हणजे वाचता न येणाऱ्यांची पोथी. एका टोकाला ईव्ह आणि सर्प, मग येशूचा जन्म, क्रूस, पुनरुत्थान, पुढे प्रेषित आणि संदेष्टे. वरच्या ओळीत एका बाजूला धर्मासाठी मेलेले हुतात्मे आणि त्यांच्या समोरासमोर, उत्तरेच्या अंधाऱ्या बाजूला, त्यांना छळणारे. पैठणी चित्रकथीच्या पोथ्या तुम्ही बघितल्या असतील, एकेक चित्र पुढे करत गोष्ट सांगायची. तीच रीत, फक्त इथे चित्र जागेवर आणि माणूस फिरतो. क्रम दाखवणारी पत्रिका दाराशी बहुधा मिळते, ती घ्याच. आणि घरातून दुर्बीण आणा. हसण्यावारी नेऊ नका, वरच्या काचा नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत.

पश्चिमेची मोठी खिडकी शेवटासाठी राखून ठेवा, आणि ती दुपारी तीननंतर बघा. तोवर ऊन तिच्यामागे आलेलं असतं. तो शेवटचा न्याय, म्हणजे जगाच्या अंती देव सगळ्यांचा निवाडा करतो ते चित्र. वरचा अर्धा भाग १७०३ च्या वादळात फार बिघडला आणि एकोणिसाव्या शतकात नव्याने केला, पण खालचा जुना आहे. तुमच्या उजव्या हाताला खाली नरक. लालभडक काच, आणि एक निळा सैतान एका बाईला हातगाडीत घालून ढकलत नेतोय. ऊन पडलं की तो लाल रंग समोरच्या दगडावर उतरतो. पाच मिनिटं बाकावर शांत बसा, काकांच्या गुडघ्यांनाही आराम. बाहेर आवारात टिडल्स नावाच्या मांजराची छोटी दगडी मूर्ती आहे. हे चर्चचं मांजर, १९६३ ते १९८०.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून घंटांचं सांगायलाच हवं. नारोशंकराची घंटा तुमच्या रोजच्या बघण्यातली. ती पोर्तुगीजांची, १७२१ मध्ये ओतलेली, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या विजयाची खूण म्हणून गोदाकाठी आली. म्हणजे चर्चच्या घंटेशी तुमची ओळख आधीचीच. इथे मात्र वाजवायची तऱ्हा निराळी आहे. मनोऱ्यात सहा किंवा आठ घंटा असतात, प्रत्येक घंटा चाकाला जोडलेली, आणि दोर ओढला की घंटा तोंड वर करून पुरा फेरा घेते. सूर नाही, गाणं नाही. घंटांचा क्रम दर फेरीला बदलत जायचं, एवढंच. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५०४०, आणि ते सगळे एकही चूक न करता वाजवायला तीनेक तास लागतात. हे करणारे गावातलेच लोक असतात, कुणी शिक्षक, कुणी शेतकरी. आठवड्यातल्या एका संध्याकाळी सराव असतो. चर्चच्या फळ्यावर वार लिहिलेला असतो. बाहेर उभं राहून ऐका. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो.

राहिली काकांची इतिहासाची आवड. पहिल्या दिवशी बर्फर्डनंतर दमला नसाल तर उत्तरेला वीस-पंचवीस मिनिटांवर डेल्सफर्ड आहे. गाव असं नाहीच, दहा-बारा घरं, झाडी आणि एक लहान चर्च. तिथे वॉरन हेस्टिंग्ज पुरलेला आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता तो. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना गाठून तह करायला लावला, तो याने मानला नाही, आणि शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. डेल्सफर्डची जहागीर त्याच्या पूर्वजांची होती, हातची गेली होती. ती परत मिळवायची हे लहानपणापासूनचं वेड, आणि १७८८ मध्ये, हिंदुस्थानातल्या कारभारावरून पार्लमेंटात खटला चालू असतानाच, त्याने ती विकत घेतली. चर्च नंतर नव्याने बांधलं, थडगं मात्र जुन्याच जागी, पूर्वेच्या भिंतीबाहेर. एक दगडी कलश, नाव आणि १८१८. तेवढंच. त्याच साली आपल्याकडे पेशवाई बुडाली. काकांना हे तिथे उभं असताना सांगा, आधी सांगू नका.

चर्चला कुलूप असलं तरी हरकत नाही, थडगं बाहेरच आहे. रस्ता अरुंद आहे. मुलाला गाडी कडेला नीट घ्यायला सांगा, ट्रॅक्टर येतात. आणि गवत ओलं असतं, तेव्हा काकांना बूटच घालू द्या.